दोन रिपोर्ट, दोन्ही उलटे, आणि दोन्ही बरोबर

पत्र

ताई, माझं बाळ आता साडेसहा महिन्यांचं झालंय, पहिलंच आहे. ते तीनेक महिन्यांचं असताना मला एकदम धडधडायला लागलं, घाम यायचा, हात थरथरायचे, बाळ झोपलं तरी मला झोप लागायची नाही, आणि वजन भराभर उतरलं. सगळे म्हणाले वा, छान बारीक झालीस. मग एका रात्री खूपच घाबरल्यासारखं झालं म्हणून दवाखान्यात गेले तर रक्त तपासलं, टीएसएच ०.०२ आणि फ्री टी-फोर २.३ आलं. थायरॉईड जास्त आहे म्हणून कार्बिमाझोल लिहून दिली. मी अंगावर पाजत होते, भीती वाटली, सुरूच केली नाही, आणि थोड्या दिवसांनी आपोआप बरं वाटायलाही लागलं.

आता महिनाभर बरोबर उलटं चाललंय. सकाळी उठावंसंच वाटत नाही, थंडी वाजते, पोट साफ होत नाही, वजन परत चढलं, बोलता बोलता शब्द आठवत नाहीत, दूधही कमी झाल्यासारखं वाटतं. परत तपासलं तर टीएसएच २४ आणि टी-फोर ०.६. नवरा म्हणतो लॅबने घोळ केलाय, दोन्हीतला एक रिपोर्ट नक्की चुकीचा आहे. मोठ्या जाऊबाई म्हणतात आम्हालाही मुलं झाली, आम्ही नाही अशा पडून राहिलो. आईला थायरॉईडची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, ती म्हणते एकदा सुरू झाली की सुटत नाही, तू घेऊच नकोस. केस इतके गळतायत की गेल्या पंधरवड्यात केसांच्या गोळ्या सुरू केल्यात. खरं काय समजायचं? अंगावर पाजू का? बाळाला होईल का? दुसरं मूल होईल ना? आणि कधी कधी वाटतं मला आई होणं जमलेलंच नाही.

— साडेसहा महिन्यांची आई

उत्तर

अगं, लॅबने घोळ केलेला नाही. दोन्ही रिपोर्ट बरोबर असण्याचीच शक्यता खूप जास्त आहे, आणि गंमत म्हणजे दोन्ही रिपोर्ट इतके उलटे आहेत म्हणूनच तुला काय झालंय ते ओळखता येतंय. नुसता पहिला रिपोर्ट हातात असता तर मीही ठामपणे काही बोलले नसते.

याला पोस्टपार्टम थायरॉयडायटिस म्हणतात, म्हणजे बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉईड ग्रंथीला येणारी सूज. सूज म्हटलं की गळा दुखेल, फुगेल असं वाटतं ना, पण ही सूज दुखत नाही, फार तर गळ्याशी ग्रंथी जराशी मोठी वाटते आणि तेही बऱ्याच जणींना कळत नाही. ज्या थायरॉयडायटिसमध्ये गळा दुखतो, ताप येतो तो वेगळा, तो बहुतेक वेळा एखाद्या व्हायरल आजाराच्या मागून येतो. तुझ्या प्रकारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती थायरॉईडवर उठते. नऊ महिने ती जरा दबून असते कारण पोटात वाढणारं बाळ निम्मं परक्या जीन्सचं असतं आणि त्याला सांभाळून घ्यायचं असतं, मग बाळंतपण झालं की ती परत जोरात वर येते, आणि ज्यांच्या रक्तात आधीपासून थायरॉईडविरुद्धच्या अँटीबॉडीज असतात (अँटी-टीपीओ असं रिपोर्टवर लिहिलेलं असतं) त्यांच्यात तो जोर नेमका थायरॉईडवर निघतो. तुझ्या आईला थायरॉईड आहे असं तू सहज लिहून गेलीस पण तो मोठा धागा आहे, ही प्रवृत्ती घराण्यात चालत येते. साधारण शंभरातल्या पाच ते दहा बाळंतिणींना हे होतं, आणि गरोदरपणात टीपीओ पॉझिटिव्ह असलेल्या बायकांमध्ये तर तिघींतल्या एकीला किंवा त्याहूनही जास्त जणींना. टाईप वन डायबेटिस असलेल्यांनाही धोका बराच वाढतो. मिसकॅरेजनंतरसुद्धा होऊ शकतं, ते फार कमी जणींना माहीत असतं म्हणून मुद्दाम लिहिते.

आता ते उलटसुलट आकडे. टी-फोर हे थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन, आणि टीएसएच म्हणजे त्या ग्रंथीला काम कर असं सांगणारा मेंदूकडचा निरोप, त्यामुळे हॉर्मोन कमी पडलं की टीएसएच चढतं आणि जास्त झालं की उतरतं. थायरॉईड ही हॉर्मोन बनवून लगेच रक्तात सोडणारी ग्रंथी नाही, ती कित्येक आठवडे पुरेल एवढा तयार माल आतच साठवून ठेवते. सूज आली की तिच्या पेशी फुटायला लागतात आणि तो सगळा साठा एकदम रक्तात येतो. म्हणजे कारखाना जोरात चालतोय असं काही नसतं, गोदामाची भिंत फुटलेली असते. त्या काळात धडधड, घाम, थरथर, चिडचिड, झोप उडणं, वजन उतरणं हे सगळं होतं, आणि मेंदूला वाटतं अरे हॉर्मोन भरपूर आहे म्हणून तो टीएसएच जवळजवळ बंदच करून टाकतो. तुझा तो ०.०२ (नॉर्मल साधारण ०.४ ते ४ असतं). हे बहुतेक बाळ एक ते सहा महिन्यांचं असताना कधीतरी होतं आणि एक-दोन महिन्यांत आपोआप ओसरतं, कारण साठाच संपतो. तुला "आपोआप बरं वाटायला लागलं" ते यामुळे.

मग पुढे काय, तर गोदाम रिकामं आणि कारखान्याची अर्धी माणसं जखमी. नवीन हॉर्मोन पुरेसं बनत नाही, टीएसएच चढतं, आणि थंडी, थकवा, बद्धकोष्ठता, वजन, विसरभोळेपणा, कोरडी त्वचा अशी रांग लागते. हे साधारण चौथ्या ते आठव्या महिन्यात सुरू होतं, कधी त्याच्याही पुढे, आणि चार-सहा महिने किंवा जास्त राहतं. तू आत्ता इथे आहेस. त्यानंतर बऱ्याच जणींची ग्रंथी परत कामाला लागते.

एक सांगते, असा आधी वर मग खाली असा पूर्ण प्रवास सगळ्यांना होत नाही, साधारण चौघींतल्या एकीलाच होतो. काहींना फक्त धडधडीचा भाग होतो आणि तिथेच मिटतं, आणि बऱ्याच जणींना पहिला भाग जाणवतच नाही, थेट थकव्यापासूनच सुरुवात. म्हणून या आजारात एका रिपोर्टवर फार विसंबायचं नसतं. प्रत्येक रिपोर्टवर त्या दिवशी बाळ किती महिन्यांचं होतं ते पेनने लिहून ठेव, मग तो वाचायचा. ०.०२ च्या पुढे "तीन महिने" आणि २४ च्या पुढे "साडेसहा महिने" लिहिलं की गोष्ट आपली आपण उलगडते, हे नवऱ्यालाही दाखव, त्याचा लॅबवरचा राग जाईल. मधल्या एखाद्या आठवड्यात तपासलं असतंस ना तर रिपोर्ट चक्क नॉर्मल आला असता, आणि सगळे म्हणाले असते बघ, काही नाहीये तुला. किंवा त्याहून चकवणारं म्हणजे टी-फोर खाली गेलेलं पण टीएसएच अजून खालीच, कारण दाबलेलं टीएसएच जागं व्हायला काही आठवडे घेतं. म्हणूनच बाळंतपणानंतर नुसतं टीएसएच करून भागत नाही, सोबत फ्री टी-फोर पण हवं असं माझं ठाम मत आहे.

कार्बिमाझोलबद्दल. तू ती घेतली नाहीस त्याने या वेळी नुकसान झालं नाही, कारण ते औषध नवीन हॉर्मोन बनणं थांबवतं, आणि तुझं तर जुनं सांडत होतं, त्याचा उपयोगच झाला नसता. पण त्या डॉक्टरांना दोष देण्याआधी थांब जरा. टीएसएच ०.०२ ग्रेव्ह्ज नावाच्या दुसऱ्या आजारातही येतं, त्यात ग्रंथी खरोखरच जास्त हॉर्मोन बनवते, तोही बाळंतपणानंतरच्या वर्षात डोकं वर काढतो, आणि त्यात ही गोळी लागतेच, कमी-मध्यम डोसमध्ये अंगावर पाजतानाही देता येते. दोन्हींत फरक करायला टीएसएच रिसेप्टर अँटीबॉडी म्हणून एक रक्ततपासणी असते, ती ग्रेव्ह्जमध्ये बहुतेक पॉझिटिव्ह येते, डोळे पुढे आल्यासारखे दिसणं हेही ग्रेव्ह्जचं लक्षण. किंवा लक्षणं सोसण्यासारखी असतील तर चार-सहा आठवड्यांनी परत तपासायचं, सूज असेल तर आकडे आपणहून उतरायला लागतात. आयोडीनचा स्कॅनही असतो पण अंगावर पाजणाऱ्या आईला किरणोत्सारी आयोडीन देत नाहीत, त्यामुळे कुणी स्कॅन लिहून दिला तर आधी सांगायचं की मी बाळाला पाजते. तुझ्या बाबतीत टीएसएच स्वतःहून ०.०२ वरून २४ वर गेलं, यानेच ग्रेव्ह्जचा प्रश्न जवळजवळ निकालात निघाला. तरी ती गोळी तू घेतलीच नाहीस हे डॉक्टरांना स्पष्ट सांग, नाहीतर ते समजतील गोळीमुळेच टीएसएच वर गेलं आणि सगळा हिशोबच चुकेल. आणि पुढच्या वेळी भीती वाटली तर मनातल्या मनात बंद करू नकोस, फोन करून विचार. ग्रेव्ह्ज असता तर हे महागात पडलं असतं.

(कुणा वाचणारीला आत्ता तो धडधडीचा टप्पा चालू असेल तर, त्यात प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी थोडे दिवस देतात, ती हॉर्मोनला हात लावत नाही, फक्त धडधड आणि थरथर कमी करते, दूध चालू ठेवता येतं. दमा असेल तर मात्र ती चालत नाही, ते डॉक्टरांना आधी सांगायचं.)

आता तुझा आत्ताचा प्रश्न, गोळी घ्यायची का. टीएसएच २४, टी-फोर कमी, लक्षणं एवढी, वर अंगावर पाजतेस. यात थांबून बघण्यासारखं काही उरलं नाही असं मला वाटतं. डॉक्टर बहुतेक लेव्होथायरॉक्सिन देतील, ती तू घे. ती म्हणजे तुझी ग्रंथी जे हॉर्मोन बनवते तेच, गोळीच्या रूपात. दुधातून बाळाला जातं ते अगदी नगण्य, त्याने बाळाला काही होत नाही, उलट आईचं थायरॉईड कमी राहिलं तर दूध कमी होऊ शकतं, तू लिहिलंयस तसं. त्यामुळे अंगावर पाजणं आणि गोळी यात एक निवडायचंच नाहीये, दोन्ही एकत्र चालतं.

आईचं म्हणणं की सुटत नाही. तिच्या अनुभवात ते खरं असेल, तिला बहुतेक हाशिमोटो असेल, हाकारू हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ मध्ये त्याचं वर्णन केलं, त्यात ग्रंथी हळूहळू कायमची मंदावते आणि गोळी जन्मभर लागते. तुझा आजार त्याचाच नातेवाईक आहे पण वाट वेगळी आहे. आणि मुळात गोळीची सवय लागत नसते, ग्रंथी सावरली नाही तर गोळी चालू राहते, सावरली तर सुटते, गोळी घेतली म्हणून ग्रंथी आळशी होऊन कायमची बंद पडली असं होत नाही. साधारणपणे वर्षभर घेतल्यावर डॉक्टर डोस निम्मा करून बघतात, सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच तपासतात, नीट राहिलं तर आणखी कमी करत बंद. फक्त तेव्हा तू गरोदर असशील किंवा त्या प्रयत्नात असशील तर हा प्रयोग करायचा नाही, तेव्हा चालूच ठेवायची.

सगळ्यांची सुटते का, तर नाही, ते खोटं कशाला सांगू. ज्यांना थायरॉईड कमी होण्याचा टप्पा येतो त्यांच्यातल्या दहा ते पन्नास टक्के जणींचं थायरॉईड वर्षाच्या शेवटीही कमीच राहतं, एवढी मोठी रेंज आहे कारण वेगवेगळ्या अभ्यासांत वेगवेगळं आलंय. टीएसएच खूप चढलेलं, टीपीओ खूप जास्त, वय जास्त, असं असेल तर कायम राहण्याची शक्यता वाढते. आणि ज्यांचं पूर्ण बरं होतं त्यांचंही पुढे काही वर्षांनी परत कमी होऊ शकतं, म्हणून वर्षातून एकदा टीएसएच करायचं ते करायचंच, बरं वाटत असलं तरी. कायम राहिलीच तरी काय, रोजची एक छोटी गोळी. तुझी आई ती घेत घेतच आज तुझ्याशी वाद घालायला खंबीर आहे ना.

गोळी घेण्याची पद्धत मात्र नीट ऐक कारण इथेच बाळंतिणींचं गणित फसतं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि त्यानंतर अर्धा-पाऊण तास काही नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. बाळंतपणानंतर तुला आयर्न आणि कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील, बहुतेक सगळ्यांना असतात, त्या दोन्ही या गोळीला पोटातच पकडून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. चार तासांचं अंतर हवं. सकाळी सगळ्या गोळ्या एका घोटात घेऊन मोकळं व्हायचं आणि मग दोन महिन्यांनी टीएसएच उतरलंच नाही म्हणून डोस वाढवत बसायचं, हे फार होतं. आणि सकाळी बाळ रडत असताना उपाशीपोटी घड्याळ बघत बसणं ज्यांना जमत नाही त्यांनी डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घ्यावी, जेवणानंतर तीनेक तासांनी, तेही चालतं, मात्र रात्री कॅल्शियम घेत असशील तर ते दुपारी हलव. एखाद्या दिवशी विसरलीस तर आभाळ कोसळत नाही, हे हॉर्मोन शरीरात बरेच दिवस टिकतं, निम्मं व्हायलाच आठवडा लागतो. त्याच कारणाने फरक पण लगेच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांत जरा बरं, पूर्ण बरं वाटायला दीड-दोन महिने, आणि पुढची तपासणीसुद्धा सहा-आठ आठवड्यांनी. दहाव्या दिवशी काही फरक नाही म्हणून बंद करणाऱ्या मला खूप भेटतात, तू त्यांच्यात जाऊ नकोस.

केसांच्या गोळ्या. थांब, ही डबी हातात घे आणि मागे वाच, बायोटिन (एक व्हिटॅमिन) लिहिलंय का. केस-नखांच्या बहुतेक गोळ्यांत ते भरपूर असतं, आणि बायोटिनमुळे रक्ततपासणीच्या मशीनची फसगत होते, बऱ्याच लॅबमध्ये टीएसएच खोटं कमी आणि टी-फोर खोटं जास्त दाखवलं जातं. म्हणजे थायरॉईड कमी असलेल्या बाईचा रिपोर्ट नॉर्मल किंवा चक्क जास्त असल्यासारखा येतो. तुझा पहिला रिपोर्ट या गोळ्यांच्या आधीचा आहे त्यामुळे त्याला धक्का नाही, आणि दुसऱ्यात बायोटिनने गडबड केली असेलच तर खरं टीएसएच २४ पेक्षाही जास्त असेल, कमी नाही, तेव्हा निष्कर्ष बदलत नाही. पण पुढच्या तपासणीच्या आधी निदान दोन-तीन दिवस या गोळ्या बंद ठेव, डोस खूप मोठा असेल तर आणखी आधीपासून, आणि लॅबमध्ये सांग. मला विचारशील तर त्या बंदच कर. बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की केस गळणं हे थायरॉईड नीट असलेल्यांनाही होतं, गरोदरपणात न गळलेले सगळे एकदम गळतात, ते थांबतं. थायरॉईडने त्यात भर घातली असेल तर ती थायरॉईड सुधारल्यावर जाईल, केसांच्या गोळीने नाही.

तसंच कुणी समुद्री शेवाळाच्या, आयोडीनच्या, "थायरॉईड बूस्टर" वगैरे गोळ्या सुचवल्या तर नको म्हण. या आजारात आयोडीन कमी पडल्यामुळे काही झालेलं नाही, आणि सुजलेल्या ग्रंथीला जादा आयोडीन दिलं तर ती आणखी बिघडू शकते. सेलेनियमबद्दल एका अभ्यासात फायदा दिसला होता हे खरं पण तेवढ्यावर सगळ्यांना ते द्यावं असं डॉक्टरांच्या संघटना सांगत नाहीत.

बाळाला होईल का. अंगावर पाजल्याने किंवा तुझ्या जवळ राहिल्याने होत नाही, हा संसर्ग नाहीच. बाळाच्या थायरॉईडची तपासणी वेगळी असते, जन्मानंतर टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन करतात, ती झाली होती का एवढं कागदांत बघून घे. मुलगी असेल तर मोठी झाल्यावर ती गरोदर राहील तेव्हा डॉक्टरांना सांगायची गोष्ट म्हणून लक्षात ठेव, बास.

दुसरं मूल, हो, होऊ शकतं. आत्ता टीएसएच २४ असताना मात्र नाही, आधी ते जागेवर येऊ दे, कारण थायरॉईड कमी असताना गर्भ राहायलाही अडचण आणि राहिला तर मिसकॅरेजचा धोका, शिवाय पोटातल्या बाळाच्या मेंदूच्या वाढीला पहिले काही महिने आईचंच थायरॉईड लागतं. म्हणून तोवर काहीतरी साधन वापर, पाजते आहे म्हणजे राहणार नाही यावर विसंबू नकोस, आणि ठरवाल तेव्हा आधी टीएसएच बघून मग. गोळी चालू असतानाच दिवस राहिले तर कळल्याबरोबर डॉक्टरांना सांगायचं, त्या काळात डोस साधारण पाव ते एक तृतीयांश वाढवावा लागतो. आणि पुढच्या बाळंतपणानंतर हे परत होण्याची शक्यता बरीच आहे, दहाजणींतल्या सातजणींना परत होतं असं धरतात. तेव्हा मात्र तू तयार असशील, सहा ते बारा आठवड्यांत एकदा आणि सहाव्या महिन्यात एकदा टीएसएच, टीपीओ पॉझिटिव्ह असणाऱ्या सगळ्यांना हेच सांगतात. टीपीओ तुझं अजून केलेलं दिसत नाही, ते एकदा करून घे, एकदाच पुरतं, दर वेळी आकडा वाढला का कमी झाला बघत बसायचं नसतं. जाता जाता हिमोग्लोबिन आणि बी-ट्वेल्व्हही बघायला सांग, थकव्याला एकच कारण असतं असं नाही.

आता जाऊबाई. त्यांना मी वाईट म्हणणार नाही, कदाचित त्यांनीही हेच भोगलं असेल आणि कुणी रक्तच तपासलं नसेल. १९४८ मध्ये न्यूझीलंडमधल्या रॉबर्टन नावाच्या डॉक्टरांनी लिहून ठेवलंय की बाळंतपणानंतर बायकांना थकवा, थंडी, केसांत बदल होतात आणि थायरॉईडचा अर्क दिला की त्या सुधारतात. अगदी तुझंच पत्र म्हण. पण त्याकडे कित्येक वर्षं फार कुणी लक्ष दिलं नाही, मग पुढे जपानमध्ये नोबुयुकी अमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळंतिणींचं रक्त पद्धतशीर तपासलं, १९८२ मध्ये छापलं, तेव्हा कळलं की हे किती जणींना होतं. आजही बाळंतिणीची शेवटची तपासणी सहाव्या आठवड्याला होते आणि हा आजार बहुतेक त्यानंतर सुरू होतो, त्यापुढे सगळ्या फेऱ्या बाळाच्या, लशी, वजन, उंची, आईचं वजन कुणी विचारतच नाही. आणि विचारलं तरी थकवा, झोप नाही, रडू येतं, यावर उत्तर ठरलेलं, आई झालीस, असंच असतं. मला याचा मनापासून राग येतो. बाळ झोपल्यावर आईला झोप येणं हे असंच असतं. बाळ झोपलंय, घर शांत आहे, आणि तरी आई डोळे टक्क उघडे ठेवून स्वतःची धडधड ऐकत पडली आहे, हे असंच नसतं. बाळ रात्रभर नीट झोपूनही सकाळी आईला हात उचलवत नाही हेही असंच नसतं.

तू म्हणतेस आई होणं जमलेलं नाही. टीएसएच २४ घेऊन तू महिनाभर एक बाळ सांभाळतेयस, त्याला पाजतेयस, आणि एवढं मुद्देसूद पत्र लिहिलंस, मला नाही वाटत काही जमायचं राहिलंय. पण हे वाटणं मी नुसतं थायरॉईडवर ढकलून मोकळी होणार नाही. थायरॉईड कमी असताना मन खाली जातं हे खरं, आणि बाळंतपणानंतरचं डिप्रेशन स्वतंत्रपणेही असतं हेही खरं, आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे जाशील तेव्हा आकड्यांबरोबर हे वाक्यही जसंच्या तसं सांग, सगळं छान आहे म्हणून हसू नकोस. थायरॉईड जागेवर आल्यावरही मन वर येत नसेल तर त्याचे उपचार वेगळे असतात, अंगावर पाजताना चालणारी औषधंही असतात. आणि कधी स्वतःला किंवा बाळाला काही करावं असा विचार आला, किंवा जे नाही ते दिसायला-ऐकू यायला लागलं, तर गोळीचे सहा आठवडे वाट बघायची नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला घरातल्या कुणाला तरी सांगून दवाखाना गाठायचा. तसंच छातीत दुखणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं, यातलं काहीही झालं तर तेही लगेच दाखवायचं.

अजून एक, बाळंतपणात तुला खूप रक्तस्राव झाला होता का ते तू लिहिलं नाहीस. झाला असेल, पाळीही आलेली नसेल आणि दूध पहिल्यापासूनच आलं नसेल तर मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा वेगळा आजार बघावा लागतो, त्यात टी-फोर कमी असूनही टीएसएच फारसं वाढत नाही. तुझं टीएसएच एवढं वाढलंय म्हणजे तुझ्याबाबतीत ते दिसत नाही, पण असा रिपोर्ट घेऊन बसलेली कुणी हे वाचत असेल तर तिने डॉक्टरांना तो रक्तस्राव आठवणीने सांगावा, कारण त्यात नुसतं थायरॉईडचं औषध आधी सुरू केलं तर धोका होऊ शकतो.

तर याच आठवड्यात जा, एंडोक्रायनॉलॉजिस्ट, म्हणजे हॉर्मोनचे डॉक्टर, मिळाले तर उत्तम, नाहीतर तुझे नेहमीचे फिजिशियन किंवा बाळंतपण केलेल्या डॉक्टर सुद्धा हे करू शकतात. दोन्ही रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं केसांच्या डबीसकट, आणि नवऱ्याला, असं सगळं बरोबर ने. नवऱ्याला मुद्दाम, कारण तुला सध्या बोलताना शब्द आठवत नाहीत म्हणतेस आणि डॉक्टर काय म्हणाले ते घरी नीट सांगणारं कुणीतरी हवं. गोळी सुरू झाल्यावर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच आणि फ्री टी-फोर, त्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घे. तो रिपोर्ट आला की मला कळव, वर बाळाचं वय लिहून.